मित्राच्या घरी एप्रिलमध्ये मयत झाली, तेव्हापासून तो कोणाशीच बोलत नाही. काय करावं?

वावरातला_बीए (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ) | जुलै २०२१

प्रश्न माझ्या रूम पार्टनरचा आहे. नाव-गाव लिहीत नाही.

मी यवतमाळला बी.ए.ला आहे, दुसरं वर्ष संपत आलं. तो घाटंजी तालुक्यातला. पहिल्या वर्षी आर्णी रोडला एका खोलीत राहायचो. मार्च २०२० मध्ये कॉलेज बंद झालं तेव्हा पंधरा दिवसांत परत येऊ म्हणून गाद्या, गॅस, भांडी तिथंच ठेवली आणि आपापल्या गावी निघालो. त्यानंतर सगळं मोबाईलवर. त्याच्या गावात रेंज फक्त पाण्याच्या टाकीजवळ येते. टाकीखालच्या दगडावर बसून तो गुगल मीटवर लेक्चर ऐकायचा, पाऊस आला की लेक्चर संपलं. तरी बुडवायचा नाही. माझं नेट गेलं तर वहीचे फोटो काढून पाठवायचा. रासेयोच्या (राष्ट्रीय सेवा योजना) शिबिरात पथनाट्यात म्हाताऱ्याचं काम करायचा, तेव्हा गावातल्या बाया हातातलं काम टाकून बघायला यायच्या. असा पोरगा आहे तो.

एप्रिलमध्ये त्याचे बाबा कोरोनानं गेले. आधी नुसता ताप होता. गावातच टायफाईड म्हणून सलाईन लावली, दम लागायला लागल्यावर यवतमाळला नेलं. तेव्हा बेडसाठी काय हाल होते ते इथल्या सगळ्यांना माहीत आहे. आठवडाही निघाला नाही. गावात आणता आलं नाही, अंत्यविधी तिकडेच झाला. किट घातलेल्या माणसांनी सगळं केलं, हा लांबून बघत उभा होता.

मला लिहायचं आहे ते यापुढचं. आपल्याकडे मयत झाली की त्या घरची चूल पेटत नाही. सोयरे-शेजारी कडू घास घेऊन येतात, नको नको म्हणत असलं तरी दोन घास खाऊ घालतात. तेरवीपर्यंत बाया मायजवळ बसून असतात, माणसं ओसरीत. कोणी फार शहाणपणाचं बोलत नाही. कोणी पावसाचं बोलते, कोणी बैलाचं. पण घरच्याला एकटं सोडत नाहीत. त्याच्या घरी यातलं काहीच झालं नाही. कोरोनाचं घर म्हणून दारासमोर बांबू बांधून रस्ता बंद केला होता. माय पॉझिटिव्ह, बहिणीला वेगळ्या खोलीत ठेवलेलं. बाप गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी या पोरानं स्वतः चूल पेटवून वरण-भात केला आणि दोघींच्या दारात ताट ठेवलं. किराणा कोणीतरी बांबूजवळ ठेवून लांबून हाक मारून जायचं. मामा आदिलाबादचे, ते बॉर्डर आणि पास यातच अडकले. तेरवी झालीच नाही.

बांबू निघून बरेच दिवस झाले, तरी लोक घरात येत नाहीत. आता भीती नाही राहिली. इतक्या उशिरा जाऊन बोलायचं काय, असं झालं आहे सगळ्यांचं.

मे महिन्यात तो फोनवर बोलायचा, रडायचा. जूनपासून रडणं बंद झालं आणि मला तेव्हापासून जास्त भीती वाटते. वर्गाचा ग्रुप सोडला. दहा मेसेजला एक "हम्म" येते. बहीण शेजारच्या काकूंच्या फोनवरून सांगते की दादा रात्रभर ओसरीत बसून राहते, जेवत नाही, पहाटे उठून वावरात जाते ते अंधार पडल्यावरच येते. बियाणं उधारीवर आणून पेरणी केली. गावच्या सहकारी सोसायटीचं कर्ज बाबांच्या नावावर आहे, नवीन मिळत नाही. परीक्षेचं विचारलं तर "आता काय करतो शिकून". आणि परवा म्हणाला, "मी नसतो तर मामानं माय-बहिणीले आदिलाबादले नेलं असतं, सुखात राहिल्या असत्या." मी "असं काय बोलतं बे" म्हटलं, त्यानं फोन ठेवला.

मी येतो म्हटलं तर "येऊ नको" म्हणते. तरी जावं का? गेलो तर काय बोलावं? डॉक्टरचं नाव काढलं तर गावात पागल म्हणतील, बहिणीच्या लग्नातही लोक तेच काढतील. कॉलेजनं ग्रुपवर हेल्पलाईनचा नंबर टाकला होता, पण ग्रुप त्यानं सोडला. आणि बोलेल कुठून? रेंज टाकीखाली, तिथं अख्खं गाव पाणी भरायला येते. आपल्या माणसाशी बोलत नाही तर तिथं बसून अनोळखी माणसाले मनातलं सांगेल का तो?

---

चिमूरची_पोरगी (जि. चंद्रपूर)

दादा, मी बी.एस्सी.ला आहे. माझ्या घरी कोणी गेलं नाही त्यामुळे तुमच्या मित्राशी तुलना करत नाही, पण मागच्या वर्षी मलाही कोणाशी बोलावंसं वाटेना. घरात माणसं भरलेली, आणि सांगायचं कोणाला? आईला सांगितलं तर "रिकामी बसून राहते म्हणून होते" म्हणायची आणि हातात झाडू द्यायची.

मला "कशी आहेस" विचारणाऱ्यांचा राग यायचा. त्याला उत्तर काय द्यायचं? एक मैत्रीण मात्र तसं विचारायचीच नाही. रोज संध्याकाळी दिवाबत्तीच्या वेळी फोन करायची आणि तिच्याकडचं सांगायची. शेळीला पिल्लं झाली, भाऊ झाडावरून पडला, असलं काहीही. मी नुसतं ऐकायची. काही दिवसांनी मीच बोलायला लागले. तिचा फोन ठरल्या वेळी यायचाच, हे फार होतं माझ्यासाठी. त्याच्या "हम्म"ची वाट बघू नका. तुम्ही सांगत राहा.

---

समाजकार्य_वर्धा

मी एम.एस.डब्ल्यू. केलं आहे आणि खेड्यांमध्ये मानसिक आरोग्याचं काम करते. थोडं लांब लिहिते, पूर्ण वाचा.

सगळ्यात आधी ते आदिलाबादचं वाक्य. ते साधं समजू नका. माणूस स्वतःला घरच्यांवरचं ओझं समजायला लागतो, आपण नसलो तर त्यांचं बरं होईल म्हणतो, तेव्हा तो धोक्याजवळ असू शकतो. वाट न बघता जा. तो "येऊ नको" म्हणाला तरी जा. आणि दोघंच असताना सरळ शब्दांत विचारा: "तुझ्या मनात जीव द्यायचे विचार येतात का?" विचारल्यानं तसा विचार डोक्यात शिरतो ही समजूत खोटी आहे. बहुतेक वेळा कोणीतरी विचारलं म्हणून माणसाला हलकं वाटतं. "असं काय बोलतं बे" म्हटलं की बोलणं तिथंच थांबतं. तुम्ही ते जिव्हाळ्यानंच म्हणालात, सगळे म्हणतात. पण आता त्याला बोलू द्या.

तो हो म्हणाला तर कोणाला सांगणार नाही असं वचन देऊ नका. घरातल्या किंवा शेजारच्या एका जाणत्या माणसाला विश्वासात घ्या, त्याला एकटं ठेवू नका आणि दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दवाखान्यात न्या. तो नाही म्हणाला तरी एक गोष्ट कराच. खरीप सुरू आहे, घरात किंवा गोठ्यात फवारणीचं औषध असेल. ते सगळं दुसऱ्याच्या घरी कुलपात ठेवायला लावा, फवारणीच्या दिवशी लागेल तेवढंच आणा. हे काम बहीण करू शकते, शेजारच्या काकू करू शकतात. असा विचार पुष्कळदा एखाद्या वाईट घडीला जोर करतो आणि ती घडी ओसरते. त्या वेळी औषध हाताशी नसलं की माणूस वाचतो. आपल्या भागात हे मी सगळ्यात आधी सांगते.

आता दुःख की आजार. बाप गेल्यावर रडणं, जेवण न जाणं हा आजार नाही. पण झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही, स्वतःबद्दल वाईट विचार, आणि हे दोन आठवड्यांच्या वर रोजचं झालं, तर डॉक्टरला दाखवायचं. दवाखान्यात नऊ प्रश्नांचा एक साधा तक्ता भरून घेतात, मागच्या दोन आठवड्यांबद्दलच विचारतात. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मानसोपचार विभाग आहे, चिठ्ठी काढून दाखवता येतं. गावात सांगायचं असेल तर "झोप लागत नाही म्हणून दाखवून येतो" सांगा, ते खरंच आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यानं रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आहे.

केंद्र सरकारची किरण नावाची हेल्पलाईन आहे, १८००-५९९-००१९, चोवीस तास, फुकट (हा २०२१ चा नंबर; आता टेली-मानस १४४१६ लावा). आधी तुम्ही स्वतः लावा. मित्रासाठी बोलतो म्हटलं तरी ते ऐकतात. आणि त्याला लावायचा असेल तर टाकीवर कशाला? तुमच्यासोबत गाडीवर बसून घाटंजीच्या रस्त्याला निघा, रेंज आली की शेताच्या बांधावर थांबा.

एक अभ्यास सांगते, कारण त्यात तुमचा मित्र दिसतो. २०२० मध्ये चीनमधल्या चांगझी मेडिकल कॉलेजच्या ७१४३ विद्यार्थ्यांची पाहणी छापून आली. साथीच्या काळात साधारण चौथ्या हिश्श्याला कमी-जास्त चिंतेचा त्रास होता. शहरात राहणारे, घरचं उत्पन्न स्थिर असलेले, आईवडिलांजवळ राहणारे, यांना त्रास कमी. ओळखीत कोणाला कोरोना झाला असेल तर जास्त. आणि ज्याला माणसांचा आधार जास्त, त्याची चिंता कमी. तुमच्या मित्राकडे बघा: खेडं, उत्पन्नाचा भरवसा नाही, बाप गेला आणि आधाराचं जे आपलं जुनं वळण होतं, ते बांबूंनी अडवलं. तो कमजोर आहे म्हणून हे झालं नाही. हे त्याला याच शब्दांत सांगा.

---

बापाविना_दोन_वर्षं (आर्वी)

येऊ नको म्हणते म्हणजे ये म्हणते. मी पण असंच म्हणायचो. माझा एक दोस्त न सांगता आला, विळा घेतला आणि माझ्यासंग निंदायला लागला. दिवसभर एक शब्द नाही बोलला. तिसऱ्यांदा आला तेव्हा मी बोललो.

जा भाऊ. जेवणाचा डबा घेऊन जा घरून.

---

कोतवाल_मारेगाव

मनाचं वर्ध्याच्या ताईंनी चांगलं सांगितलं. मी कागदाचं सांगतो, कारण एकोणीस-वीस वर्षांच्या पोराच्या डोक्यावर बापाचा सातबारा अचानक येते तेव्हा काय होते हे मी गावोगाव बघतो. पोरं तलाठ्याच्या दारातून परत जातात, कोणता कागद आणायचा हे नीट विचारतही नाहीत.

पहिलं, मृत्यूचा दाखला. मयत यवतमाळला झाली म्हणून दाखला तिथंच निघेल, गावच्या ग्रामपंचायतीत नाही. तीन-चार प्रती एकदमच घ्या, प्रत्येक ठिकाणी मागतात. दवाखान्याचे कागद, कोरोनाचा रिपोर्ट, सगळं जपून ठेवा, फेकू नका.

दुसरं, वारस नोंद. दाखला आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे अर्ज द्यायचा. गाव नमुना ६-क (वारसांची नोंदवही) मध्ये नोंद होते, मग फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावर नावं बदलतात. माय, पोरगा, पोरगी तिघांची नावं लावा, पोरीचं नाव गाळू नका, कोणी काही म्हणो. तीन महिन्यांच्या आत कळवायचं असते. एप्रिल धरला तर मुदत भरत आली, म्हणून या आठवड्यातच करा. नावं चढल्याशिवाय सोसायटी पुढचं बोलणार नाही.

तिसरं, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल आणि वडील साठच्या आतले कमावते असतील तर राष्ट्रीय कुटुंब लाभ योजनेत २०,००० रुपये एकरकमी मिळतात. मायसाठी संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, त्यात महिन्याला पैसे मिळतात. दोन्हीचे अर्ज तहसीलमध्ये. सोबत तुम्ही जा. एकट्यानं रांगेत उभं राहणं आणि दोस्तासंग उभं राहणं यात लई फरक आहे. आणि परीक्षेचा फॉर्म भरून टाका त्याचा, पेपर द्यायचा की नाही ते मग बघा.

---

वावरातला_बीए | ऑगस्ट २०२१

सगळ्यांचे आभार. काय झालं ते लिहितो, कारण दोघा-तिघांनी मेसेजवर विचारलं.

गेलो. आईनं डब्यात भाकरी आणि वांग्याची भाजी दिली. आम्ही त्याला कडू घास म्हटलं नाही, पण त्याच्या मायनं डबा पाहिला आणि ओळखलं. तिनं आधी माझ्या हातून घास घेतला, मग त्याले म्हणाली, "खाय, तुह्या दोस्तानं आणला." तो खाल्ला. नीट जेवला म्हणता येणार नाही, पण खाल्ला.

तो डवरणी (कोळपणी) करून राहिला होता. मी मागून तासातलं गवत उपटत गेलो, त्याच्यासारखं जमत नाही मला. दुपारी बांधावर पाणी प्यायला बसलो तेव्हा वर्ध्याच्या ताईंनी सांगितलेलं वाक्य जसंच्या तसं विचारलं. आवाज कापत होता माझा. तो बराच वेळ चिलटं हाकलत बसला. मग म्हणाला, "येतात. रात्री येतात." आणि खूप बोलला. बाबांना ताप आला त्या दिवशीच यवतमाळला न्यायला पाहिजे होतं, हे त्याच्या डोक्यात किती महिन्यांपासून फिरत होतं. टायफाईडचं औषध त्यानंच स्वतः मेडिकलमधून आणलं होतं. हे त्यानं मायले सांगितलं नव्हतं, मले सांगितलं नव्हतं, कोणालेच नाही. समजावलं नाही मी. "तुले तेव्हा जे माहीत होतं ते तू केलं" एवढंच म्हटलं.

त्याला विचारूनच शेजारच्या काकूंना सांगितलं. औषधाचे डबे काकूंनी त्याच संध्याकाळी आपल्या घरी नेले, एक शब्द विचारला नाही. मी रात्री तिथंच ओसरीत झोपलो, म्हणजे झोपलो नाही कोणीच. सकाळी गाडीवर यवतमाळला नेलं. मानसोपचारच्या मॅडमनी आमच्या दोघांशी आधी सोबत आणि मग त्याच्याशी एकट्याशी बोलणं केलं. गोळ्या दिल्या, असर दिसायला दोन-तीन आठवडे लागतील, मधेच सोडू नको असं बजावलं, परत तारीख दिली. घरी येताना दाखल्याच्या प्रती घेतल्या, कोतवाल भाऊ. तलाठ्याकडे अर्ज दिला, तिघांची नावं आहेत त्यात.

बरा झाला असं मी लिहिणार नाही. अजून रात्री उठून बसते. पण जागा झाला की मायले हाक मारते, असं बहीण सांगते. दिवाबत्तीच्या वेळी मी फोन करतो, चिमूरच्या ताईंच्या मैत्रिणीसारखा. सध्या त्याला आमच्या गोऱ्ह्याची सगळी कहाणी पाठ झाली आहे.

गावातल्या आशाताई आमच्यानंतर त्यांच्या घरी जाऊन बसल्या. मग मागच्या घरच्या आजी गेल्या. कोणीतरी आधी जायला पाहिजे होतं, असं दिसते.

सोसायटीचं कोणाला माहीत असेल तर सांगा. फेरफार झाल्यावर जुनं कर्ज वारसांच्या नावावर वळतं का, आणि नवीन पीककर्ज याच हंगामात मिळतं का? सचिव भेटतच नाही.

---

कोतवाल_मारेगाव

सोसायटीचा सचिव भेटत नसेल तर बँकेच्या शाखेत निरीक्षक असतात, त्यांना लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी काहीच विचारू नका. फेरफाराच्या नोटिशीला पंधरा दिवस हरकतीसाठी असतात, तेवढे जाऊ द्या लागतील.

---

समाजकार्य_वर्धा | डिसेंबर २०२२

हा धागा अजून पुष्कळ जण वाचतात असं दिसलं, म्हणून दोन गोष्टी जोडते.

वर मी किरणचा नंबर दिला होता. आता ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानस सुरू झालं आहे, नंबर १४४१६. चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं. तोच लावा.

दुसरं, कोरोनानं गेलेल्यांच्या वारसांना ५०,००० रुपये सानुग्रह मदत ठरली होती. सर्वोच्च न्यायालयानं ऑक्टोबर २०२१ मध्ये मान्यता दिली आणि नोव्हेंबरमध्ये आपल्या राज्याचा शासन निर्णय निघाला. तुमच्या ओळखीत कोणी राहून गेलं असेल तर मृत्यूचा दाखला, कोरोनाचा रिपोर्ट आणि आधार-बँक पासबुक घेऊन उशिराच्या अर्जाचं काही होतं का ते तहसीलमध्ये विचारा, कारण अर्जाची ठरलेली मुदत २०२२ मध्येच संपली. दारव्ह्याच्या दादा, तुमच्या मित्राच्या मायचा अर्ज झाला का ते कळवा. झाला नसेल तर मला मेसेज करा, काही होतं का ते आपण बघू.